मेस्त्रेंची पेटी आणि झिल्दाच्या दारावरचं रबर

"पडला! पडला!"

झिल्दाच्या दारावरचा दगड पायरीवर आपटला आणि जमलेल्या गर्दीने एकदमच छातीवर क्रूस काढला. सकाळचे नऊ वाजले होते. रविवारची प्रार्थना उरकून ॲमेझॉनच्या जंगलातलं अख्खं पेद्रा रासा गाव या एका दारासमोर उभं होतं. गावाची इतकी एकी याआधी फुटबॉलच्या मैदानावर मारामारी झाली तेव्हाच दिसली होती.

गावातल्या तेवीस घरांवर तेवीस चौकटी टांगलेल्या होत्या. दोन खिळ्यांमध्ये ताणून बसवलेली रबराची पातळ पट्टी आणि तिच्या मध्यावर लोंबणारा लिंबाएवढा दगड. दर रविवारी मेस्त्रे सेलेस्तिनो प्रत्येक चौकट आपल्या पेटीत ठेवून मंतरत आणि मगच ती दारावर चढे. बावीस घरांचे दगड ढिम्म हलले नव्हते. झिल्दाचा मागच्या रविवारी पडला होता, आज पुन्हा पडला.

"दोनदा!" मेस्त्रेंनी दोन बोटं वर केली. "संत बेनेदितोने दोनदा सांगितलं, बाळांनो. मी कोण सांगणारा? मी तर त्याच्या दारातलं पायपुसणं!"

पायपुसण्याच्या अंगात कडक इस्त्रीचा झगा होता आणि चार बोटांत अंगठ्या होत्या.

मेस्त्रे, म्हणजे गुरू, म्हणवून घेणारे हे गृहस्थ तीन आठवड्यांपूर्वी मनौस शहरातून बोटीने आले होते, गावाचा पानेमा काढायला. पानेमा म्हणजे हाताची बरकत जाणं. ज्याला तो लागतो त्याचं जाळं रिकामं येतं आणि गळाला नुसता चिखल लागतो. यंदा जारापाना नदी इतकी आटली होती की तिच्या मधोमध उभं राहून निवांत विडी ओढता आली असती. मासे केव्हाच खोल पाण्याकडे निघून गेले होते. पण आटलेल्या नदीवर चिडून काय करणार? माणसावर चिडलेलं बरं पडतं, आणि मेस्त्रेंनी ती सोय घरपोच करून दिली होती. सगळ्यांच्या जाळ्यांतून नाहीसा झालेला तांबाकी मासा मेस्त्रेंच्या ताटात मात्र रोज खरपूस भाजून येत होता. त्यांच्या ताटाला काही पानेमा शिवला नव्हता.

"तिसऱ्यांदा पडला तर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तर पोटातलं बाळ जाळ्यांना नजर लावतंय, हे पक्कं. मग बाळंत होईपर्यंत ही पोर नाल्यापलीकडच्या झोपडीत राहील. एकटी! मला का आनंद होतोय? माझं काळीज तुटतंय, बाळांनो."

एकोणीस वर्षांची झिल्दा आठव्या महिन्यात होती. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. गावची सुईण नाल्याच्या अल्याड आणि झोपडी पल्याड. मधला नाला आटून कमरेएवढा गाळ राहिला होता. त्यात होडी चालत नव्हती, आणि माणसाला दिवसाउजेडी फळ्या टाकत टाकतच जावं लागे. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर तिच्या हाकेला ओ द्यायला पलीकडे फक्त माकडं होती.

झिल्दाची नणंद नोएमिया पायरीवर वाकली आणि तिने तुटलेली पट्टी उचलली.

नोएमिया मनोऱ्यावर कामाला होती. गावापासून दोन तासांच्या वाटेवर, जंगलाच्या पोटात तीनशे मीटर उंचीचा लोखंडी मनोरा होता. झाडांच्या शेंड्यांवरची हवा नळ्यांनी ओढून घ्यायची, जंगल आपल्या श्वासातून काय काय सोडतं ते यंत्रांनी मोजायचं, असं तिथलं काम. देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, चार महिने घाम गाळत आणि जात. नोएमिया मात्र सहा वर्षं टिकून होती. नळ्या धुणं, गाळण्या बदलणं, यंत्रांचे आकडे तपासणं हे सगळं तिच्याकडे. गावात तिला कौतुकाने म्हणा की खवचटपणे म्हणा, 'वाऱ्याची मोलकरीण' म्हणत.

ती पट्टी घेऊन मागच्या अंगणात गेली. तिचा धाकटा भाऊ, झिल्दाचा नवरा अदाउतो तिथे ताडाची पानं विणत बसला होता. नाल्यापलीकडच्या झोपडीचं छप्पर.

"अजून एक रविवार बाकी आहे ना रे? आणि तू आत्ताच छप्पर विणतोस?"

"मग काय पावसात भिजवू तिला?" अदाउतोने मान वर केली नाही. "ताई, मला हौस आहे का? आठवडाभर कुणी मला होडीत घेत नाही."

"स्वतःच्या बायकोवर विश्वास नाही तुझा?"

"तिच्यावर आहे. पण रबराचं काय करू? आपला आजा रबर काढणारा, आपला बाप रबर काढणारा. आज्याची रबरी पिशवी चाळीस वर्षं चुलीजवळ गच्च भरून टांगलेली आहे. तिला साधी चीर गेली का? इथल्या हवेत रबर तुटत नाही, ताई. आणि हे टांगल्या टांगल्या तुटतं! दोनदा! मी मूर्ख नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. शहरातला माणूस म्हणाला असता, रबरच आहे, तुटायचंच. पेद्रा रासाच्या माणसांना रबर नको इतकं माहीत होतं, आणि मेस्त्रे त्यांना नेमके त्यावरच खेळवत होते.

नोएमियाने पट्टी उन्हात धरली. तुटल्या जागेच्या आसपास बारीक बारीक भेगा होत्या, सगळ्या पट्टीला आडव्या, एकही उभी नाही. तिने त्या दोनदा निरखल्या.

"मेस्त्रे पेटी उघडतात तेव्हा कसला वास येतो म्हणालास?"

"वीज कडाडल्यावर येतो ना, तसा. झोंबणारा. ते म्हणतात स्वर्गाचा वास."

"पेटीत सगळ्यांच्या चौकटी सारख्याच वेळ राहतात?"

"नाही. आत निळा दिवा आहे. ज्याच्यावर संताचा संशय, त्याच्या वेळेला तो आपोआप पेटतो. मग तासभर मंत्र. बाकीच्यांना दोन मिनिटं."

"आपोआप," नोएमिया म्हणाली आणि तिने पट्टी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी ती मनोऱ्यावर गेली, आणि परत आली ती तडक गुमेर्सिंदोकाकांच्या ओट्यावर. ऐंशी वर्षांचे गुमेर्सिंदोकाका म्हणजे गावातले शेवटचे खरे रबरवाले. दोघं तासभर कुजबुजत बसले.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनाघराच्या अंगणात पेटी मांडली गेली. बर्फ ठेवायची थर्मोकोलची पेटी, तिच्यावर निळं कापड, बाजूला होडीच्या इंजिनाची बॅटरी. मेस्त्रे खुर्चीवर बसले आणि डोळे मिटले, तेवढ्यात गुमेर्सिंदोकाका काठी टेकत पुढे आले. त्यांच्या बगलेत पाच चौकटी होत्या.

"मेस्त्रे, आज पट्ट्या मी कापल्यात. एकाच तुकड्यातून. पाच जणांच्या नावाच्या. मागे दोऱ्याला गाठी मारल्यात, कुठली कुणाची ते फक्त मला ठाऊक."

मेस्त्रेंचा एक डोळा उघडला. "आजोबा, संत परीक्षा देत नसतात."

"संताची कोण घेतोय? मी रबराची घेतोय. उभा जन्म तेच केलंय."

"नाव सांगितल्याशिवाय मंत्र लागू पडत नाही!"

"का बरं?" नोएमियाने भोळा चेहरा करून विचारलं. "संताला गाठी मोजता येत नाहीत?"

कुणीतरी फिसकन हसलं. मेस्त्रेंनी गर्दीकडे पाहिलं. आता नाही म्हणणं महागात पडलं असतं. त्यांनी पहिली चौकट आत ठेवली. दिवा नाही. दुसरी. दिवा नाही. तिसऱ्या चौकटीला निळा उजेड कापडातून पाझरला आणि बायकांनी तोंडावर हात घेतले. मेस्त्रेंनी तासभर असे काही मंत्र म्हटले की प्रार्थनाघराच्या पडवीतली कुत्रीसुद्धा उठून गेली. चौकट बाहेर आली, झोंबरा वास अंगणभर पसरला. चौकट खांबावर टांगली आणि सगळे दगडाकडे बघत राहिले. अदाउतो झिल्दाचा हात धरून उभा होता.

पाव तासात दगड पडला.

"तिसऱ्यांदा!" मेस्त्रे गरजले. "जा पोरी. संताची आज्ञा झाली!"

"थांबा की," गुमेर्सिंदोकाका म्हणाले. त्यांनी सावकाश गाठी मोजल्या. "चार गाठी. चार गाठी म्हणजे ही पट्टी खुद्द संत बेनेदितोच्या नावाची. मूर्तीला विचारून कापली होती मी."

सुईण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आता संतालाच पाठवायचं का नाल्यापलीकडे?"

हशा उसळला, पण मेस्त्रे कच्चे नव्हते. "नास्तिक बाई जवळ उभी आहे! तिच्या सावलीने संकेत बिघडला!" आणि गंमत बघा, चार-सहा माना डोलल्यासुद्धा.

नोएमियाने पाठीवरची पिशवी उतरवली आणि त्यातून डब्याएवढं यंत्र काढलं. "माझी सावली राहू द्या. ओझोन म्हणून एक वायू असतो, वीज कडाडते तेव्हा त्याचाच वास येतो. हे यंत्र तो मोजतं. अदाउतो, आकडा वाच."

"नऊ."

"अब्ज कणांत नऊ कण. आपल्या जंगलातली झाडं त्याला शिल्लकच ठेवत नाहीत. आज्याची पिशवी चाळीस वर्षं धड राहिली, ती त्यामुळे." तिने यंत्राची पांढरी नळी पेटीच्या फटीत सरकवली. "काका, दिवा पेटला तेव्हा मेस्त्रेंचा डावा पाय दबला होता, चपलेखाली काहीतरी आहे. जरा दाबा."

गुमेर्सिंदोकाकांनी काठीच्या टोकाने चप्पल सरकवली आणि खालचं बटण दाबलं. दिवा पेटला.

"ऐंशी," अदाउतो वाचू लागला. "तीनशे. सातशे... ताई, आता नुसती रेघ दिसतेय."

"यंत्राची मोजायची हद्द संपली." तिने कापड ओढलं. दिव्यामागे मुठीएवढी काळी डबी गुरगुरत होती. "ही ओझोन करणारी डबी. मोठ्या हॉटेलांत खोल्यांमधला विडी-सिगारेटचा वास मारायला लावतात. ताणलेल्या रबराला ओझोन चावतो, आडव्या भेगा पाडतो. ढिल्या रबराला काही करत नाही. आमच्या मनोऱ्यावर कुणीतरी चुकून रबरी चकत्या बसवल्या होत्या, आठवड्यात अशाच फाटल्या. पटत नसेल तर कुणीही करून बघा."

करून बघितलं अदाउतोने. एक पट्टी ताणलेली, एक ढिली, दोन्ही एकाच पेटीत, आणि मंत्र अजिबात नाही. तासाभराने ताणलेली पट्टी भेगाळून तुटली. ढिली होती तशीच राहिली. त्याने दोन्ही पट्ट्या तळहातावर घेऊन सगळ्या गावाला फिरून दाखवल्या. तो तासभर मेस्त्रे झगा आवळून बोटीची वाट बघत होते. उजव्या बाजूला सुईण बसली होती आणि डाव्या बाजूला तिची बहीण, त्यामुळे ते कुठे हलले नाहीत.

"बदमाश!" आता सगळेच ओरडू लागले. "आम्हाला फसवलं! आम्हाला वेडं केलं!" सगळ्यात मोठा आवाज सकाळी माना डोलावणाऱ्यांचा होता.

"त्याने पेटीत डबी ठेवली," झिल्दा म्हणाली. दोन आठवड्यांत ती पहिल्यांदाच गावासमोर बोलत होती. "पण माझ्या घरचा पाणवठा वेगळा करा, असं त्याने नव्हतं सांगितलं. ते तुम्ही केलंत. अदाउतोबरोबर होडीत बसू नका, असंही तो नव्हता म्हणाला." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "छप्पर तू विणलंस."

अदाउतोने हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या.

नोएमियाला खरं तर चार गोष्टी सुनवायच्या होत्या. पण समोरचे चेहरे तिच्या जन्मापासूनच्या ओळखीचे होते आणि त्यातले बरेच खाली झुकले होते.

"तुम्ही मूर्ख नाही," ती म्हणाली. "या हवेत रबर तुटत नाही, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. मनौसच्या प्रोफेसरालाही इतकं ठाऊक नसेल. पुढे एकच प्रश्न विचारायचा होता: मग हे रबर कुठल्या हवेतून आलं? तो कुणीच विचारला नाही, कारण उत्तर आपल्याला आधीच आवडलं होतं. नदी आटली हे मान्य करण्यापेक्षा एका पोटुशीला गाळापलीकडे टाकणं सोपं वाटलं. उद्या दुसरा कुणीतरी दुसरी पेटी घेऊन येईल. तेव्हा ओझोन मोजायचं यंत्र हाताशी नसेल, मीही नसेन. तेव्हा फक्त एवढं करा. पेटी उघडायला सांगा. चौकटींची अदलाबदल करा. आणि कुणाला घराबाहेर काढायच्या आधी, त्या जागी आपली लेक असती तर हाच पुरावा आपल्याला पुरला असता का, ते स्वतःला विचारा."

सुईण मेस्त्रेंना बहिणीच्या हवाली करून उठली, झिल्दाजवळ गेली आणि तिचे सुजलेले पाय दाबून बघत म्हणाली, "आजपासून तू माझ्या घरी झोपायचंस. दिवस भरत आलेत."