शब्दांचा रतीब

रोज सकाळी नणंदेचा शब्द यायचा. ती शाळेत भाषा शिकवायची. डोळे मिटून शब्दकोश उघडायची, बोट पडेल तो अनवट शब्द घरच्या ग्रुपवर टाकायची, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने त्यावर चार ओळी करायच्या असा तिचा दंडक होता. ग्रुपचं नाव 'शब्दांचा रतीब'. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शहाणी, वेडी, सगळ्यांनाच रोज एकेक बसत होता.

हा उद्योग कुणासाठी काढला ते सगळ्यांना ठाऊक होतं. भावजयीचं मन रमावं म्हणून. तिची मुलगी जन्मली आणि तिने दुसरा दिवस पाहिला नाही. भावजय दवाखान्यातून घरी यायच्या आत सासूने दुपटी, झबली, सगळं बांधून माळ्यावर टाकलं होतं. तेव्हापासून त्या विषयावर घरात कुणी ब्र काढला नव्हता. सगळी भली माणसं, हाच तर पंचाईतीचा भाग. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

भावजय मात्र न चुकता लिहायची. फोटो स्टुडिओत कामाला होती. दोन गिऱ्हाइकांच्या मधे, काउंटरवर कोपर टेकून, फोनवर अंगठ्याने चार ओळी करून मोकळी व्हायची. 'तिरीप' आला तेव्हा लिहिलं:

तिरीप आली, खुर्चीवर बसली,
कुणी ऊठ म्हणालं नाही,
कुणी बस म्हणालं नाही,
मग आपली आपणच गेली.

नणंदेने लिहिलं, "वा! काय कल्पना आहे!" सासूने फुलं पाठवली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे एक अंगठा. तो गॅरेजमधे मिस्तरी होता, कवितेच्या वाटेला कधी गेला नव्हता. तिने स्वतःच्या ओळी परत वाचल्या आणि तिला त्या शेजारणीच्या वाटल्या. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्यालाच काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भूकही वेळ झाली म्हणून लागायची. पासपोर्टचे फोटो काढताना ती सांगायची, "समोर बघा, हसू नका." मालक गमतीने म्हणायचे, तू परत आल्यापासून एकही फोटो नापास होऊन आला नाही, तुझ्याकडे बघून माणसं आपोआप गंभीर होतात. मग स्वतःच जीभ चावायचे.

तिला फार काही नको होतं. नवऱ्याने एकदा, फक्त एकदा, 'आपली मुलगी' म्हणावं. तो म्हणाला नाही तर ती पोर झालीच नव्हती असं ठरून जाईल, आणि आपण अशाच बधिर राहू, एवढीच एक भीती तिच्यात शिल्लक होती. बाकी भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

त्या दिवशी शब्द आला: पान्हा.

समोर एक म्हातारे गृहस्थ फोटोसाठी बसले होते. तिने फोन पाहिला, ठेवला, त्यांची हनुवटी जरा वर करायला सांगितली, फोटो काढला. परत पाहिलं तर शब्द गायब. 'हा मेसेज डिलीट केला आहे.' पाठोपाठ नवा शब्द आला, 'वळचण', आणि त्यापाठोपाठ नणंदेचा फोन.

"अगं, माझी अक्कल शेण खायला गेली होती. बोट पडलं तो शब्द टाकून मोकळी झाले. तू पाहिलास का?"

"पाहिला. असू दे, ताई."

नणंद रडायला लागली. मग हिलाच तिची समजूत काढावी लागली. घोटभर पाणी प्या म्हणाली, वर्गात जायचंय ना म्हणाली. फोन ठेवला आणि म्हाताऱ्या गृहस्थांचे फोटो कापायला घेतले. कडा अगदी सरळ आल्या.

दुपारी ग्रुपवर नवऱ्याची कविता आली. जन्मातली पहिली. वळचणीवर नव्हती.

पान्हा
बाराचा पान्हा दहाच्या नटावर
नुसता फिरतो, नट झिजतो.
गंजलेल्या नटावर जोर करू नये.
तेल सोडावं, आणि वाट बघावी.

खाली कुणी काही लिहिलं नाही. सासूने फुलं पाठवली नाहीत. नणंदेने पाहिल्याची खूण तेवढी उमटली. तिने ती कविता वाचली, आणि वळचणीवर काही सुचलं नाही. इतक्या महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी तो आला आणि बेसिनपाशी हातांचं ग्रीस काढत उभा राहिला. ती मागे येऊन थांबली.

"त्या शब्दाचा दुसरा अर्थ तुला माहीत नाही?"

"आहे." तो नखं घासत राहिला. "ताईनं पुसला, तेव्हा बरं वाटलं. मग वाटलं, किती दिवस पुसत बसायचं? पण त्या अर्थावर लिहायला बसलो तर हात चालेना. मग मला जो पान्हा ठाऊक, त्यावर लिहिलं."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मला आला होता."

"काय?"

"पान्हा. घरी आल्यावर. ती नव्हती, तरी आला. थांबेचना."

त्याने साबण खाली ठेवला. "तू बाथरूममधे नळ सोडून बसायचीस, तेव्हा?"

"हो."

"मी बाहेर दाराला टेकून उभा असायचो. वाटायचं, रडतेयस. मोकळी होऊ दे, म्हणून आत यायचो नाही."

"रडत नव्हते मी. दूध पिळून टाकत होते. तुम्हा कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ."

तो वळला. हात अजून काळेच होते, ते कुठे ठेवावे त्याला कळेना.

"आपल्या मुलीचं होतं ते," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि तिला दुखलं. छातीत, जिथे दूध दाटून यायचं तिथेच, चांगलं ठसठसून दुखलं. ती ओट्याचा आधार घेत खाली बसली आणि तोंड उघडून रडायला लागली, आणि या वेळी नळ कुणी सोडला नाही.