किसन झोपला नव्हता

“अजून एक डाव म्हना, पंत,” मनकर्णा म्हणाली.

गोपाळकृष्णपंतांनी वखारीच्या दाराकडे भीत भीत पाहिलं. “ही डिड नॉट नॉड ऑफ.”

“ही डिड नाट नाड आप.”

विलायतेची कापसाची भूक त्या सालात अशी वाढली होती की अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्या मावत नव्हत्या. मनकर्णेचा नवरा किसन गोऱ्या साहेबाच्या वखारीवर राखणदार होता. मागच्या आठवड्यात पहाटे गाठींना आग लागली. जळत्या गाठी ओढून काढताना किसनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

साहेबानं चौकशी मांडली. नॉड ऑफ झालास का, असं त्यानं विचारलं. पंत त्याचे दुभाषे, पण त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं. नॉड म्हणजे मान हलवणं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी विचारलं, “मान हलवलीस का रे?” गाड्या आत सोडताना किसन मान हलवूनच इशारा करी. तो म्हणाला, “हो जी, हलवली.” पंतांनी ‘येस’ सांगितलं. कामावर डुलकी घेतली म्हणून किसनला काढून टाकलं, आणि पेठभर त्याची नाचक्की झाली.

नॉड ऑफ म्हणजे डुलकी घेणं, हा खरा अर्थ पंतांना मागाहून कचेरीत कळला. त्यांनी तो मनकर्णेला सांगितला, पण साहेबापुढे बोलायला जीभ रेटेना.

“माझी चाकरी जाईल गं.”

“मंग राहू द्या. मले शिकवा. मीच सांगतो त्याले.”

साहेब घोड्यावरून उतरला तशी ती त्याच्या वाटेत उभी राहिली. गाडीवान, मापाडी, सरकी काढणाऱ्या बाया, सगळे थबकले.

“ही डिड नाट नाड आप!”

साहेब हसला. तिनं तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. त्याचं हसू मावळलं.

“मी बरोबर बोलली ना, पंत?”

सगळ्यांचे डोळे पंतांकडे वळले. “बरोबर बोललीस,” ते म्हणाले, आणि चूक आपली होती हे त्यांनी साहेबाला इंग्रजीत सांगून टाकलं. साहेब दोन शब्द बोलून आत गेला.

“काय म्हनते?”

“जागेवर दुसरा माणूस ठेवलाय. पण किसन झोपला नव्हता, हे कबूल आहे त्यांना.”

“मोठ्यानं सांगा. पेठेले आयकू द्या.”

पंतांनी घसा खाकरून मोठ्यानं सांगितलं.

किसन फाटकाबाहेर निंबाखाली बसला होता. मनकर्णेनं त्याच्यापुढे बसून भाकरीचं फडकं सोडलं.

“घरी खाऊ ना,” तो पुटपुटला. “लोक पाहून राहिले.”

“पाहू द्या.”

आणि खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेसमोर, भर रस्त्यात, तिनं नवऱ्याच्या तोंडात पहिला घास दिला.