पोटावरचे बटण

मित्रांनो, मी एका जुन्या कोटाचे बटण आहे. गळ्याजवळचे नव्हे, खालचेही नव्हे, बरोबर पोटावरचे. शिंगापासून घडवलेले, तपकिरी, चार भोकांचे. शिंप्याने मला दुहेरी दोऱ्याने शिवले, तेव्हा तो म्हणाला होता की कोट विरेल, पण हे बटण हलायचे नाही.

कोटाचे मालक खाण्याचे शौकीन होते. त्यांचे पोट सुटत गेले तसा कोट आवळत गेला. वरचे बटण नुसते मिरवायला, खालचे कायम उघडे. सगळी ओढ माझ्यावर. कोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून लांब जायला बघत आणि मी मध्ये ताणून धरलेले. प्रत्येक श्वासाला वाटे, आता तुटते. लोक कौतुक करत, काय भक्कम बटण आहे! कोट उसवून जरा सैल करावा, हे मात्र कुणालाच सुचले नाही. शेवटी एका सकाळी जिना चढताना दोरा तुटला आणि मी टणटण उड्या मारत तळमजल्यावर जाऊन पडले.

मालकांच्या मुलीने मला उचलून बिस्किटांच्या जुन्या डब्यात, इतर सुट्या बटणांत टाकले. ती पुढे खूप शिकली आणि समुपदेशक झाली. घरातली माणसे एकमेकांशी नीट बोलेनाशी झाली की तिच्याकडे येतात. सगळे तिला ताई म्हणतात. ताई टेबलावर एक पांढरे कापड अंथरते, डबा उपडा करते आणि म्हणते, आपापले बटण निवडा आणि घरात जसे असता तसे मांडा. मी सगळ्यांत मोठे, म्हणून बहुतेक वेळा आजोबा नाहीतर बाबा व्हायचे. मला त्याचा थोडा ताठाही आला होता.

एकदा पिटू आली. अंगाने एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला पिटू म्हणत. तिचे पोट सारखे दुखायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, पोटात काही सापडले नाही, म्हणून त्यांनी इकडे पाठवले होते. आई एका खुर्चीत, बाबा दुसऱ्या खुर्चीत आणि मध्ये पिटू. आई म्हणाली, "पिटू, बाबांना सांग, फोन बंद करा म्हणावं." बाबा म्हणाले, "पिटू, आईला सांग, बंदच आहे." पिटूने दोन्ही निरोप दोन्हीकडे पोचवले, अगदी सवयीने. दोघे हाताच्या अंतरावर बसले होते, तरीही.

आईने आपले बटण कापडाच्या एका कडेला ठेवले, बाबांनी दुसऱ्या कडेला. पिटूने आधी शर्टाचे इवलेसे पांढरे बटण घेतले. ते आईजवळ ठेवले. मग बाबांजवळ सरकवले. पुन्हा आईजवळ. मग तिने ते उचलून डब्यात टाकले आणि मला घेतले.

"हे एवढं मोठं कोण गं?" ताईने विचारले.

"मी. छोटं दोघांपर्यंत पोचत नाही."

मला मध्ये ठेवून आईबाबांची बटणे तिने ओढून माझ्या कडांना टेकवली. ती ओढ मला पाठ होती.

ताईने हळूच विचारले, "तुझं पोट बरं झालं तर घरात काय होईल?"

पिटू कापडाची कड चुरगाळत राहिली. "पोट दुखलं की दोघं मिळून मला डॉक्टरांकडे नेतात. रिक्षात बोलतात. बरं झालं तर बोलणारच नाहीत. मग बाबा दुसरीकडे राहायला जातील."

आईने तोंडावर हात धरला. बाबा म्हणाले, म्हणजे हे सगळे नाटक होते की काय. ताईने त्यांना थांबवले. दुखणे खरेच आहे, ती म्हणाली, पण ते एकट्या पिटूचे नाही. घरातली माणसे एकमेकांना धरून असतात. दोघांतला ताण तिसऱ्याच्या अंगात उतरतो. बाबांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाले, "लहानपणी माझ्या आईवडिलांचे निरोप मीच पोचवायचो. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं."

ताईने मला बोटाने बाजूला सरकवले आणि सांगितले, आता पिटूला मध्ये न घेता एक वाक्य बोला. आईने पदर सारखा केला, बाबांनी घड्याळ पाहिले. पिटूचा हात पोटाकडे गेला. मला वाटले, ही आता मला पुन्हा मध्ये ठेवणार.

"उद्या हिला शाळेत तू सोडतेस की मी?" बाबांनी कसेबसे विचारले.

पिटू लगेच आईकडे वळली, "आई, बाबा विचारतायत..."

"ऐकलं मी, बाळा." आई कापडाकडे बघतच म्हणाली, "तू सोड. पण वेणी घालून. परवासारखी झिपरी नको."

"मला कुठे येते वेणी?"

"शिकवते."

एवढेच. त्यानंतर ते बरेचदा आले. कधी चिडून, कधी गप्प. पोटदुखी काही एका दिवसात थांबली नाही. पुढे एके दिवशी ताईने पुन्हा डबा उपडा केला. आईबाबांच्या बटणांत अजून वीतभर अंतर होतेच. ते जुळतील की नाही, मला ठाऊक नाही. पिटूचा हात माझ्यावर आला. तिने मला बाजूला सारले, निळे इवलेसे बटण घेतले आणि दोघांच्या मध्ये नाही, जरा खाली, मोकळ्या जागेत ठेवले. एरवी कुणी मला निवडले नाही की मी खट्टू व्हायचे. त्या दिवशी मात्र मला हलके हलके वाटले.

मित्रांनो, तुमच्या हाती कुणी असे निरोप दिले, तर "तुम्हीच सांगा ना" म्हणून परत करा. भीती वाटली तर विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. आणि घरातल्या मोठ्यांनो, बटण किती भक्कम आहे ते बघत बसू नका. आधी कोट सैल करा.