कोपऱ्यावरचा चौकोन

बुधवारी जेवणं उरकली, सूनबाईनं चटकन हात धुतले, आणि तेवढ्यावरनं घरात ठिणगी पडली.

"एवढी घाई कसली गं? गाडी सुटतेय?" आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, दारातच ठाण मांडलं.

"आत्याबाई, गोदामात जायचंय. चित्रं काढायला. काल तुम्हीच तर हो म्हणालात."

"मी जांभई देताना म्हणाले. ते धरायचं नसतं."

भानगड अशी होती, की शहरातनं एक चित्रांची बाई दर बुधवारी गावात यायला लागली होती. खताच्या रिकाम्या गोदामात बायका जमवायची, हातात कोळसा द्यायची आणि म्हणायची, काढा काय काढायचं ते, बोला काय बोलायचं ते. बायका काढायच्या बोटभर आणि बोलायच्या पोतंभर. शेवटी गोदामाची रस्त्याकडची भिंत रंगवायची होती. भिंतीवर चौकोन आखलेले, एकीला एक. अट एवढीच, की ओळीनं दोन बुधवार एखादी आली नाही तर तिचा चौकोन दुसरीला.

सूनबाईला मिळाला होता कोपऱ्यावरचा, जिथनं बाहेरगावची गाडी वळते. लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा वीटभट्टीवर, महिन्यातनं एकदा उगवायचा. घर, गोठा, विहीर, की परत घर. अख्ख्या गावात तिचं म्हणावं असं पहिल्यांदा काही झालं असेल तर हा हातभर चौकोन. तिथं ती गाडी काढणार होती आणि खिडकीत स्वतः बसणार होती. हे अजून कुणाला बोलली नव्हती.

"बरं, जा," आत्याबाई म्हणाल्या. "पण मी येणार. तिथं काय शिजतंय बघते."

मामंजी घोरत होते, गाय रवंथ करत होती. दोघांना तसंच सोडून सासू-सुना निघाल्या.

गोदामात आत्याबाई दारात फतकल मारून बसल्या आणि एकेकीला डोळ्यांनी तोलायला लागल्या. बायकांची तोंडं शिवल्यासारखी बंद. आता आत्याबाईंपुढं कोण आपल्या सासूचं गाऱ्हाणं सांगणार?

शेजारी बसलेली शिंपीण कुजबुजली, "अगं, ही फौजदारीण कशाला आणलीस?"

"थांब, बघ गंमत," सूनबाई म्हणाली.

तिनं कागदावर एक तोंड काढलं. त्याला मुसळाएवढं नाक लावलं. नाकावर चामखीळ. आणि नेऊन आत्याबाईंपुढं धरलं.

"हे कोण ध्यान?"

"तुम्ही."

"माझं नाक असं आहे?"

"मला नाही हो जमत. तुम्हीच नीट करा."

आत्याबाईंनी कोळसा हिसकावला. चाळीस वर्षं भिंती लिंपलेला हात तो, असा वळला की नाक जागेवर आलं. मग डोळे. मग कपाळावरच्या आठ्या, एकही न विसरता. खांद्याला खांदा लावून बायका बघायला लागल्या. आत्याबाईंनी दुसरा कागद मागितला, मग तिसरा. त्यांची बायकांवरची नजर उठली, गोदामात गप्पांना ऊत आला, आणि सूनबाईनं शिंपिणीला हळूच डोळा मारला.

इथं चुकलं तिचं. नाक एवढं मोठं काढायला नको होतं.

दिवस मावळायला घरी येतात तर गाय सुटलेली. दोरीवरचा मामंजींचा सदरा तिनं बाहीपर्यंत खाल्लेला, आणि उरलेली बाही हातात धरून मामंजी अंगणात उभे.

"दोघी एकदम उलथायचं नाही!" मामंजी गरजले. "इथनं पुढं एकीनंच जायचं!"

"बरं मामंजी," सूनबाई पटकन बोलली. मनात म्हटलं, चला, बरंच झालं.

पुढच्या बुधवारी तिनं हात धुवून वळून बघितलं, तर आत्याबाई वहाणा घालून तयार.

"आत्याबाई, कुठं?"

"कुठं म्हणजे? एकीनं जायचं म्हणाले ना हे. गाईकडं लक्ष ठेव. आज रंग देणार आहेत."

"पण चौकोन माझा आहे."

"घरातच राहतोय ना? परक्याला थोडाच जातोय!"

दोन बुधवार असेच गेले. चित्रांच्या बाईनं विचारलं तर आत्याबाईंनी सांगून टाकलं, सूनबाईला घरकामाची फार आवड. झालं. चौकोन आत्याबाईंच्या नावावर.

आता त्या घरीही सराव करायच्या, चुलीच्या राखेत, पिठात, कुठंही. आपल्या घराचं दार काढायचं होतं आणि दारात उभी सून. तोंड साधलं, हात साधले. पाय काही साधेनात. कधी बदकाचे व्हायचे, कधी पाटाचे.

"पोरी, एवढे पाय काढून दाखव गं."

सूनबाईनं पिठावर बोटानं दोन रेघांत पाय काढले आणि लगेच तळव्यानं पुसले.

"अगं, पुसलेस का?"

"भिंतीवर काढून देते. बुधवारी मला न्या. मामंजी गाय सांभाळतील."

आत्याबाई उसळल्या. "हे सांभाळतील? अंगावरचे कपडे उरतील का त्यांचे?"

"मग राहू दे बिनपायाची."

दोन दिवस आत्याबाईंनी राखेत बदकाचेच पाय गिरवले. मंगळवारी भाकड गाईसारखं तोंड करून आत्याबाई म्हणाल्या, "बघते." सूनबाईनं वहाणा धुवून उन्हात ठेवल्या.

बुधवारी ती विहिरीवर गेली तेवढ्यात आत्याबाई निघून गेल्या होत्या.

गुरुवारी सकाळी मात्र त्यांनीच हाताला धरून तिला नेलं. "गाईला दोन दोऱ्या बांधल्यात. पाच मिनिटांत बघून येऊ."

भिंतीपाशी शिंपीण उभीच होती. "अगं, हुबेहूब तू!" म्हणाली.

खरंच हुबेहूब होती. तोच चेहरा, चौकटीला टेकलेला तोच हात, मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा. सूनबाईची नजर खाली गेली. साडी जमिनीपर्यंत ओढलेली, उंबऱ्यावर लोळत होती.

"पाय?"

"झाकले," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्यावाचून काय अडतंय?" मग जरा जवळ सरकून, हळूच, "पण कशी झालीय गं? खरं सांग."

"अगदी मी," सूनबाई म्हणाली. "कुठं जाईलसं वाटत नाही."

"तेच तर!" आत्याबाईंचा चेहरा उजळला. "आणि रंग असला पक्का आहे, दहा वर्षं हलायचा नाही म्हणते ती बाई."