पायऱ्यांखालून पाहिलेल्या तीन राजधान्या

मित्रांनो, आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात एक मदतकेंद्र आहे. कुबड्या, काठ्या, उंच पलंग असले सामान तिथे गरजूंना वापरायला मिळते. त्या केंद्राच्या मागच्या खोलीत घडी घालून, भिंतीला टेकवून ठेवलेली एक जुनी व्हीलचेअर तुम्हाला दिसेल. ती मी. माझे निळे कापड आता विटले आहे आणि मुठींचे रबर झिजले आहे. तरी मी अजून चालते.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या वाकवून, जोडून, रंगवून झाल्यावर तिथल्या एका बाईने स्वतः माझ्यात बसून एक चक्कर मारली आणि "ही सरळ चालते" असे म्हटले. ती माझी पहिली शाबासकी. पुढे माझ्यात कितीतरी लोक बसले. मैदानावर गुडघा फोडून घेतलेली तरुण मुले, बर्फावरून घसरलेले पोस्टमन, एक फार चिडके पाद्री. जो तो माझ्यातून कधी एकदा उठतो याचीच वाट पाहायचा. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. माझे कामच तसे.

मग नोरीनबाई आल्या.

नोरीनबाईंनी शहराच्या तलावावर आयुष्यभर पोहणे शिकवले होते. अर्ध्या लिमरिकला त्यांनी पाण्यात ढकलले होते म्हणा ना! एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे परत आले, हात बरा झाला, पण डावा पाय काही ऐकेना. त्यांची थोरली मुलगी डर्वला मला घरी घेऊन गेली. डर्वला शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि घरही शाळेसारखेच चालवायची. धाकटी ऊना डब्लिनला असे. ती आली की घरात हशा व्हायचा आणि ती गेली की भांडी तशीच पडलेली असायची.

आईच्या पंच्याहत्तरीला घरातल्या फक्त बायकांनी फिरायला जायचे, असे ऊनाने ठरवले. आई, दोघी मुली आणि डर्वलाची लेक कीवा. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. पुरुषांनी घरी राहून कुत्रा सांभाळायचा. सगळा बेत डर्वलाने आखला. नोरीनबाईंनी एकच गोष्ट मागितली. बुडापेस्टला गरम पाण्याची जुनी, पोहण्याच्या तलावाएवढी सार्वजनिक स्नानगृहे आहेत, तिथे एकदा जायचे. डर्वला "बघू" म्हणाली.

प्रागचे रस्ते दगडी. माझी पुढची छोटी चाके दोन दगडांच्या फटीत अडकायची, डर्वला मागून जोर लावायची आणि नोरीनबाईंचे दात एकमेकांवर आपटायचे. किल्ला आला की पायऱ्या. मनोरा आला की पायऱ्या. प्रत्येक ठिकाणी डर्वला मला सावलीत उभी करायची, आईच्या हातात कॉफीचा कप द्यायची आणि सांगायची, "आई, तू इथे आरामात बस. आम्ही वरून फोटो काढून आणतो." मग त्या तिघी हसत, धापा टाकत खाली यायच्या आणि फोनवर फोटो दाखवायच्या. नोरीनबाई "छान" म्हणायच्या. शेवटी शेवटी त्या फोटोकडे न बघताच "छान" म्हणू लागल्या.

व्हिएन्नाला स्टेशनची लिफ्ट बंद होती. राजवाड्यात माझ्यासाठी रस्ता होता, पण तो मागच्या बाजूने, कचऱ्याच्या पिंपांजवळून. आत गेल्यावर कळले की बघण्यासारखे सगळे वरच्या मजल्यावर आहे. आम्ही दोघी खाली कोट टांगायच्या खोलीपाशी बसून राहिलो. संध्याकाळी कॉफी आणि केक घ्यायला गेलो, तर तिथल्या वेटरने ऊनाला विचारले, "यांना साखर घालू का?"

"यांना साखर नको," नोरीनबाई म्हणाल्या, "आणि यांना ऐकूही येतं."

कीवा फिस्सकन हसली. डर्वला मात्र ओशाळली आणि आईच्या वतीने वेटरची माफी मागून बसली. मित्रांनो, तेव्हा मला फार राग आला. वेटरचा, डर्वलाचा आणि सगळ्यात जास्त माझा. एवढी चाके असून मला एक पायरी चढता येत नव्हती.

बुडापेस्टला पोचल्यावर नोरीनबाईंनी नाश्त्याच्या वेळी स्नानगृहाची आठवण काढली. डर्वला म्हणाली, फरशी ओली असते, गर्दी असते, डॉक्टरांना विचारलेले नाही, शिवाय आज टेकडीवरून नदी बघायची आहे. ऊना पावाला लोणी लावत राहिली.

टेकडीवर चढ संपला तिथे बुरूज होता आणि बुरुजाला पायऱ्या होत्या. डर्वलाने मला झाडाखाली उभे केले. तिघी वर गेल्या. त्या परत आल्या तेव्हा नोरीनबाईंनी माझे दोन्ही ब्रेक आणखी घट्ट आवळले होते आणि त्यांवर हात ठेवून त्या बसल्या होत्या.

"ब्रेक काढ, आई. जेवायला उशीर होतोय."

"नाही काढणार."

"लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना तरी काहीतरी बघायला मिळेल. मी तीन राजधान्यांच्या पायऱ्या बघितल्या, डर्वला. दाराशी ठेवलेली छत्री झालेय मी तुमची."

ऊनाने काहीतरी विनोद करून पाहिला. कोणी हसले नाही. डर्वलाने आपले दोन्ही तळहात आईपुढे धरले. त्यांवर फोड आले होते.

"मला हे आवडतं असं वाटतं का तुला? प्रागपासून ढकलतेय. तुला बरं वाटावं म्हणून. झटका आला त्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात जमिनीवर सापडलीस. तू सापडलीस मला, ऊनाला नाही. मला परत तशी सापडायला नकोयस तू."

नोरीनबाईंनी तिचे तळहात आपल्या हातांत घेतले. मग म्हणाल्या, "पाण्यात कोणी पडत नाही गं."

दुपारी आम्ही स्नानगृहात होतो. दारातल्या बाईने माझी चाके ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली. एवढा मान मला कुणी दिला नव्हता. पण चालता न येणाऱ्यांना खुर्चीत बसवून पाण्यात उतरवणारा पाळणा नेमका बिघडलेला होता. ती बाई ओशाळून म्हणाली, परवा या. आमचे विमान दुसऱ्या दिवशी होते. डर्वलाच्या बोटांची माझ्या मुठींवरची पकड सैल झाली. तिला हायसे वाटले, हे मला कळले.

"मला कडेला ने," नोरीनबाई म्हणाल्या.

कडेला पाण्यात उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या होत्या. पुन्हा पायऱ्याच! नोरीनबाईंनी कठडा धरला, माझ्यावरून अंग सरकवले आणि त्या सरळ फरशीवर बसल्या. मग पहिल्या पायरीवर. मग बसल्या बसल्याच दुसरीवर, लहान मूल जिना उतरते तशा. आंघोळ करणारे लोक थांबून बघू लागले. ऊना आणि कीवा पाण्यात उतरून हात पसरून उभ्या होत्या. डर्वला लालबुंद होऊन माझ्या मागे उभी. तिने मला इतके घट्ट धरले होते, जणू मीच पळून जाणार होते.

मग तिने मला सोडले. ती पुढे गेली, आईशेजारी पायरीवर बसली आणि तिच्यासारखीच सरकत खाली जाऊ लागली. दोघी मायलेकी एकेक पायरी उतरत होत्या.

पाणी छातीपर्यंत आले तशी नोरीनबाईंनी कठडा सोडला. त्या थोड्या तिरक्या पोहत होत्या, डावा पाय मागे ओढल्यासारखा येत होता, पण त्या माझ्यापासून लांब जात होत्या. कुणी न ढकलता! मी कडेला रिकामी उभी होते. रिकामे असण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. समोरच्या कडेवरून त्यांचा खणखणीत आवाज आला, "डर्वला, मान खाली घे. बदकासारखी दिसतेस."

वर येणे मात्र फार कठीण गेले. तिघींनी ओढून, ढकलून त्यांना वर आणले. त्यांचा गुडघा खरचटला, रक्त आले, आणि कपडे बदलेपर्यंत डर्वला पुन्हा रागावलेली होती. दुसऱ्या दिवशी विमानही उशिरा सुटले. विमानतळावर तिने सवयीने मला कोपऱ्यात उभे केले आणि ती निघाली. चार पावलांवर थांबली. परत आली, समोर उकिडवी बसली आणि तिने विचारले, "आई, आधी चहा घेऊया की खिडकीपाशी जाऊया?"

"आधी बाथरूम," नोरीनबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांना हलकी, नवी खुर्ची मिळाली. ती त्या स्वतःच चालवतात, असे ऐकते. मी केंद्रात परत आले. अधूनमधून कोणी मला नेते, पण बराच काळ मी इथेच असते, आणि धूळ बसली की माझी चाके कुरकुरतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्च्यांना तेल घाला, ऊन-पावसात टाकून देऊ नका. पण त्याआधी एक करा. मला मागून धरायच्या आधी पुढे या, खाली वाका आणि माझ्यात बसलेल्या माणसाला विचारा, कुठे जायचे आहे. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.