केनवडची कुत्री वाशीमला नेण्याची रीत

भूतदया हा केनवड गावाचा मूळ स्वभाव. त्यामुळंच गावातल्या एकाही कुत्र्याला विष घालायचं नाही, असं पंचायतीत एकमतानं ठरलं. ती सगळी गुपचूप वाशीमला नेऊन सोडायची, हेही त्याच एकमतानं ठरलं. वाशीमकरांच्या भूतदयेवर गावाचा पुरता विश्वास होता.

कारण उकंडरावांच्या अंजनाचं लग्न. वाशीमचे जानराव आपल्या देवमनसाठी तिला पाहायला आले होते. मोटारीत त्यांना उलटी होत असे, म्हणून वाटेत बहिणीकडे मुक्काम करत बैलगाडीनं आले. पोरगी पसंत पडली, कुंकू लागलं, पुरणाचं जेवण झालं. दिवेलागणीला जानराव आपल्या गाडीकडं निघाले, तेवढ्यात गाडीमागून एक कुत्रं सुटलं आणि त्यांच्या कोऱ्या धोतराचा सोगा तोंडात घेऊन अंधारात गेलं. एका हातानं लाज सावरत जानराव व्याह्यांना म्हणाले, "इवाई, लग्नाच्या दिवशी या गावात मले एक जरी कुत्रं दिसलं, तं वरात वेशीवरूनच मांगं नेईन."

उकंडरावांची झोप उडाली. तुळसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक शंका काढली. "अवो, त्या कुत्र्याचा कान चिरेल व्हता. आपल्या गावात तं चिरेल कानाचं काळं कुत्रं नाही."

"पोरीचं लगन मोडून राह्यलं, अन् तू कुत्र्याचे कान पाहून राह्यली," उकंडराव म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

वाहन घरचंच होतं. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली पिकअप, पुढं दोघांची बैठक, मागं उघडा हौदा. तिच्यात आजवर कापूस, सरकी आणि एकदा आमदार, एवढंच बसलं होतं. पण अडचण अशी, की याच हौद्यातून नवरानवरी वाशीमला जायची होती. तेव्हा कुत्री जायला हवीत, पण गेल्याची खूण राहता कामा नये.

"इवायाच्याच गावात सोडता?" सरपंच पुंजाजींनी उकंडरावांना विचारलं.

"वाशीम काय लहान हाय? तिथं कोर्ट हाय, टेशन हाय. तिथं मानसाले कोन वळखत नाही, कुत्र्याले कोन वळखीन?"

पहिली खेप गावाच्या वेशीपलीकडं गेलीच नाही. पोत्यांत धरून कुत्री हौद्यात टाकली, मागचं फळकं लावलं आणि ड्रायव्हर दौलतसिंगनं गाडी चालू केली. त्याबरोबर कुत्र्यांनी जे जे करता येण्यासारखं होतं ते ते सगळं हौद्यात केलं, आणि फळक्यावरून उड्या टाकून घरी गेली. दौलतसिंग दोन्ही हातांनी पाणी मारत म्हणाला, "मालक, गाडी लढाईतली हाय म्हनता. पन असा हल्ला तिनं पाह्यला नसन."

मग तुळसाबाईंनी सूत्रं हाती घेतली. "पोरीले सासरी धाडाच्या आंधी आपन कसे लाड करतो? कुत्र्यायचे करा."

गाडी कडुनिंबाखाली लावली. हौद्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं, त्यावर भिजवून पिळलेलं तरट अंथरलं, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि खाली तापत नाही. रोज सकाळी अंजना ज्वारीच्या भाकरी कुस्करून ताकात कालवून तिथंच घालायची आणि आधी हॉर्न वाजवायची. पहिल्यांदा खांड्या नावाचं एक कुत्रं तेवढं चढलं. आठवडाभरात हॉर्न वाजला की गावची कुत्री ओळीनं फळक्यावरून चढू लागली. जिथं जेवायचं, जिथं निजायचं, तिथं कुत्रं घाण करत नाही, हेही कळलं. ते खाली उतरून सरपंचांच्या ओट्याकडं जाऊन येई. पंचायतीच्या बैठकीतसुद्धा इतकी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

मग उपाशीपोटी गावातल्या गावात एक चक्कर. मग रिसोडच्या वाटेवर दोन. बैलांच्या जुन्या दोरांनी कुत्री कडांना बांधली होती. दोर एवढा, की बसता यावं पण उडी मारता येऊ नये. एकानंही उलटी केली नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी खेप निघाली. वाशीमच्या बाजाराच्या टोकाला, मटणाच्या दुकानांमागं दौलतसिंगनं दोर सोडले आणि फळकं पाडलं. कुत्री बसून राहिली.

"उतरा," उकंडराव म्हणाले.

खांड्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तरटावर कूस बदलली. दौलतसिंगनं एकाला उचलून खाली ठेवलं, तर दुसऱ्याला उचलेपर्यंत पहिलं वर. घामाघूम होऊन शेवटी उकंडरावांनी भाकरीची टोपली लांब भिरकावली. कुत्री धावली, आणि पिकअप त्याहून जोरात धावली. गावी येऊन हौदा पाहिला. एक डाग नव्हता. उकंडरावांना एवढं भरून आलं, की त्यांनी दौलतसिंगला विडी दिली.

लग्न बिनकुत्र्याचं पार पडलं. जानराव दिवसभर धोतर वर धरून फिरले, तेवढीच काय ती उणीव. पाठवणीला हौद्यात गादी टाकून नवरानवरी बसली, तुळसाबाई पाठराखीण म्हणून. व्याह्याला मानानं पुढं बसवलं. मोटार नको म्हणायची त्यांना लाज वाटली. ती लाज मालेगावच्या पुढं सुटली, आणि पुढची बैठक, गिअरचा दांडा आणि दौलतसिंगचा नवा लेंगा एका दमात भरला.

"मालक," दौलतसिंग मान न वळवता म्हणाला, "कुत्र्यायनं असं कधी केलं नाही."

उकंडराव फळक्याला लोंबकळत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

वाशीमच्या बाजारात बैलगाडी आडवी आली म्हणून दौलतसिंगनं हॉर्न वाजवला.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. मटणाच्या दुकानांमागून आधी खांड्या आला, मग बाकीची. चालत्या पिकअपमध्ये एकामागून एक चढली आणि नवरानवरीच्या भोवती आपापल्या जागी बसली. अंजना सकाळपासून रडत होती, ती हसायला लागली. देवमननं भीत भीत खांड्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जानरावांच्या दारात गाडी थांबली. ते तोंड पुसत उतरले आणि हौद्यात पाहतच राहिले.

"इवाई. हे तुमच्या गावचे कुत्रे."

उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी अजून उंबरठ्याबाहेर होती. माप ओलांडायचं राहिलं होतं. "हो," ते म्हणाले. "पन केनवडात तं तुमाले एकबी दिसलं नाही ना?"

"यातलं कोनतं व्हतं ते? ज्यानं धोतर फाडलं? ते दावा, मंगच पोरगी आत येईन."

तुळसाबाई हौद्यातूनच म्हणाल्या, "काळं व्हतं. कान चिरेल. पाहा तुमीच."

जानराव एकेक कान पाहत फिरले. एकाही कुत्र्यानं तक्रार केली नाही. सगळे कान शाबूत होते. तेवढ्यात अंगणात सोडलेल्या बैलगाडीखालून गुरगुर आली, साखळी ताणली गेली, आणि चिरलेल्या कानाचं एक काळं कुत्रं जानरावांच्या नव्या धोतराकडं झेपावलं.

देवमननं अंजनाला हात देऊन खाली उतरवलं.

"हा आमचा काळ्या," तो तिला म्हणाला. "बैलगाडीखाली चालते, गाडी जाईन तिथं येते. बाबानं नवं धोतर नेसलं का त्यायले वळखत नाही."