आभाराच्या पाटीनंतरचं

मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय. काळी, जाडजूड, दोन डोळ्यांची. आजवर मला बोलायला मशीन लागायचं. आज मशीन नाही, लाईट नाही, तरी बोलतेय. माझ्या पोटात जे होतं ते मी जिथलं तिथं पोचवलंय, आणि ते कसं पोचवलं हे सांगितल्याशिवाय मला काही गप्प बसवत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. मला जाग आली ती करमाडला, कडुबा व्हिडिओवाल्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यात. तेव्हा औरंगाबादहून जालन्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी रानं होती. त्या रानांत मल्हारराव मेंढरं चारायचे. त्यांच्या हनुमानचं लग्न निघालं आणि कडुबाला बोलावणं गेलं.

माणसांची मोठी मजा वाटली मला. फोटोच निघतोय समजून पाव्हणे श्वास रोखून उभे राहायचे. मी आपली गरागरा फिरतेय आणि समोर कुणी हलायला तयार नाही. एका म्हाताऱ्यानं तर कॅमेरा जाईस्तोवर तोंडातला घासही गिळला नाही.

वरात झाली, पंगती उठल्या. शेवटी कडुबानं एक रंगवलेली पाटी उभी केली, तिला झेंडूची माळ घातली आणि कॅमेरा तिच्यावर धरला. 'आभारी आहोत.' झालं, लग्नाची कॅसेट संपली.

पण माझ्या रिळात थोडी जागा उरली होती, आणि कडुबाची जीप अजून यायची होती. दिवस कलत होता. मल्हारराव नवा फेटा तसाच डोक्यावर ठेवून मेंढरं वळवायला निघाले. कडुबा मागं गेला. म्हणाला, मामा, दोन शब्द बोला की कॅमेऱ्यात.

"माणसांत बोलाया मला जमत नाय गड्या," मल्हारराव म्हणाले. "मी मेंढरांत बोलतो."

आणि त्यांनी हाळी दिली. हुर्रर्र अशी लांबलचक, घशाच्या तळातून आलेली. मग एकेकीला नावानं हाक. "ए बांडे... ए काळे... ए मोरे..." पुढं पुतळाबाई, नवरदेवाची आई, नव्या लुगड्यात वाघुरीपाशी उभी होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. त्याच सुरात, त्याच दमात मल्हारराव ओरडले, "अगं पुतळे, वाघूर उचल!"

त्यांच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. हनुमानची माय, हनुमानचा बाप, एवढ्यावर सारा संसार झालेला. आणि इथं व्याह्यांच्या देखत, मेंढरांच्या रांगेत नाव निघालं. कडुबाला एवढं हसू आलं की चित्र हललं. पुतळाबाईनं मात्र वाघूर उचलली आणि नवऱ्याशी अबोला धरला. मला बांडीच्या आन् मोरीच्या मागं बसवलं, असं ती पाणवठ्यावर भेटेल त्या बाईला सांगत सुटली.

घरी गेल्यावर कडुबानं माझ्यावर गाणी चढवली. तेव्हा तीच रीत होती. लग्नातलं सगळं बोलणं पुसायचं आणि वरून सिनेमातली गाणी टाकायची. मंगलाष्टकं गेली, आयाबायांची चेष्टा गेली, नवरीचं रडणं गेलं. पण कडुबानं गाणी चढवली ती पाटीपर्यंतच. पुढचं आपण काढलंय हे तो विसरूनच गेला. म्हणून माझ्या अख्ख्या अंगात जिवंत माणसाचा आवाज उरला तो त्या शेपटाला.

भाड्यानं मशीन आणून मला लावलं की सारी आळी जमायची. पाटी आली की माणसं ढुंगण झटकून उठायची, कुणीतरी बटण दाबायचं. पहिल्या वेळी मात्र बटण दाबणारा जेवायला गेला होता. पुतळाबाई बसून राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. तिला वाटलं, झेंडूची माळ घातलीय म्हणजे कुठल्या देवाची पाटी असेल, येईल पुढं काहीतरी. आणि पुढं मल्हारराव आले.

पुढं काही वर्षांनी मल्हारराव वारले. वर्षश्राद्धाला तिनं मला एकदा शेवटपर्यंत पाहिलं. मशीनवाल्याला घाई होती, त्यानं मला मागं न गुंडाळताच काढलं. तोच शेवटचा तुकडा माझ्या तोंडाशी उघडा राहिला. घोंगडीच्या फडक्यात बांधून तिनं मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. तिथं धूळ आणि उन्हाळे मी त्या तुकड्यावर झेलले.

रानं कंपन्यांकडं गेली. बाप मेंढरं चारायचा तिथंच हनुमान कंपनीच्या गेटावर राखणीला उभा राहू लागला. मग ते दुष्काळाचं साल आलं. टँकरची वाट बघत रस्त्याकडेला ड्रमांच्या रांगा. माणसांनाच पाणी नाही तिथं मेंढरांना कुठलं? उरलेली मेंढरं बाजारात गेली, वाघूर माळ्यावर गेली, आणि बिऱ्हाड शहरात चिकलठाण्याला आलं.

सामान लावताना हनुमाननं मला बाहेर काढलं. म्हणाला, "माय, हिचं मशीनच ऱ्हायलं नाय आता. टाकून देऊ."

"मशीन हुडका," पुतळाबाई म्हणाली.

तिची नात अंबिका मला पैठण गेटाजवळ सदाशिवराव नावाच्या गृहस्थांच्या दुकानात घेऊन गेली. ते जुन्या कॅसेटींच्या डिस्क करून देत. दोन-चार दिवसांत डिस्क घरी आली. सगळे बसले. लग्न झालं, गाणी झाली, पाटी आली आणि पडदा काळा झाला. हनुमान चहा मांडा म्हणाला. पुतळाबाई हलली नाही. पुढचं लाव, म्हणाली.

"आजी, संपलं. आभारी आहोत असं लिहिलंय तिथं."

"तुमाला वाचता येतं म्हणून तुमी उठता," पुतळाबाई म्हणाली. "मला येत नाय, म्हणून मी पुढचं पाह्यलंय."

हनुमान म्हणाला, म्हातारीला भास व्हायला लागले. दुसऱ्या दिवशी अंबिकेला घेऊन ती स्वतः दुकानात येऊन बसली. मी अजून तिथंच होते.

सदाशिवरावांनी सरळ सांगून टाकलं. पाटी आली म्हणून त्यांनी थांबवलं होतं. शिवाय पुढची पट्टी चुरगळलेली आहे. चालली तर एकदाच चालेल. मध्येच तुटली, तर ना तुमच्याकडं राहील ना माझ्याकडं.

"पेटीत ठिवून कुणाला आयकू येणाराय, भाऊ? लावा."

त्यांनी माझे स्क्रू काढले, मऊ कापडानं धूळ पुसली, एकेक सुरकुती बोटानं सपाट केली. मशीनमध्ये गेले तेव्हा मी ठरवलं होतं, तुटायचंच असेल तर तुटू, पण नाव पोचवल्यावर.

पाटी गेली. पडद्यावर पांढऱ्या रेघा, फेटा अर्धा दिसतोय, अर्धा नाही. माझं अंग ताणलं गेलं, करकर व्हायला लागली. सदाशिवरावांचा हात बटणावर गेला. "ऱ्हाऊ द्या," पुतळाबाई म्हणाली. त्यांनी हात मागं घेतला. मी सुटले नाही. हाळी आली. बांडी आली, काळी आली, मोरी आली.

"अगं पुतळे, वाघूर उचल!"

कडुबाच्या हसण्यानं चित्र हललं, आणि तिथंच मी तटकन तुटले. पण तोवर सगळं डिस्कवर उतरलं होतं.

अंबिका आजीकडं बघत राहिली. तिनं आज्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. पुतळाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, डोळे गळत होते. "बघ की गं," ती म्हणाली, "मेंढरांत घेतलं का नाय माझं नाव?"

सदाशिवरावांनी शाईचा पेन उघडला. आजी, डिस्कवर काय लिहू? हनुमानचं लग्न, असंच?

अंबिका सांगणार तेवढ्यात पुतळाबाईनं तिचा हात दाबला. पदर सारखा केला. जन्मभर जे ओठांवर आलं नव्हतं ते तिनं नीट, खणखणीत उच्चारलं.

"मल्हारराव लिवा. त्यांनी माझं घेतलं, मी त्यांचं घेतलं. फिटंफाट."

मला टाकून द्यायचं का, असं सदाशिवरावांनी विचारलं तेव्हा तिनं मला उचलून पुन्हा घोंगडीत बांधलं. आता मी पेटीत आहे. तुटलेली, पण रिकामी नाही. डिस्क शहरातल्या टीव्हीवर हाळी देते आणि खालून जाणारी माणसं मान वर करून बघतात, इथं मेंढरं कुठून आली म्हणून.

तुमच्याही पेटीत माझी एखादी बहीण पडली असेल. तिला वेळेवर मशीनपाशी न्या. आणि आभाराची पाटी आली की लगेच उठू नका. जरा बसा.